जोड नेमली, इनाम ठरलं

पश्चिम महाराष्ट्रातल्या कुठल्याही जत्रेच्या मैदानात पहिली कुस्ती लागते ती पोरांची. सात-आठ वर्षांची दोन पोरं मातीत उतरतात, पंच त्यांचे हात हातात देतात आणि जिंकणाऱ्याच्या ओंजळीत रेवड्या पडतात, खोबऱ्याची वाटी पडते, फार तर दहा-वीस रुपयांची नोट. त्याच आखाड्यात, दिवस कलताना, पहिल्या क्रमांकाची कुस्ती लागते आणि तिच्या इनामाचा आकडा आज मोठ्या मैदानांत लाखाच्या पुढे असतो. मधल्या चार-पाच तासांत शंभराची, पाचशेची, दोन हजारांची, पंचवीस हजारांची अशा कुस्त्या होत राहतात. दुपारी रेवडीवर खेळलेलं पोरगं संध्याकाळी लाखाची कुस्ती बघत कडेला बसलेलं असतं आणि आपल्यापासून तिथवर किती पायऱ्या आहेत हे त्याला कुणी सांगावं लागत नाही. सगळी उतरंड त्याने त्याच दुपारी डोळ्यांनी पाहिलेली असते.

कोल्हापूरच्या कुस्तीचा इतिहास सांगताना आपण नेहमी वरच्या पायरीवरची नावं घेतो. ती घेतलीच पाहिजेत. पण कुस्ती हा पोट भरण्याचा धंदा कसा झाला, शेतकऱ्याचं, धनगराचं, हमालाचं पोर निव्वळ अंगाच्या जोरावर वर्षभर कसं जगू लागलं, हे कळायचं तर इनाम कुणी लावलं, कुणासाठी लावलं आणि ते कुणाकुणाला खुलं होतं, हे पाहावं लागतं. मला या गोष्टीत सर्वांत मोलाचं वाटतं ते हे खुलेपण. मैदानात लंगोट लावून उभा राहिलेल्या पैलवानाला पंच अंगाने जोखतात, तोलाचा गडी शोधतात आणि जोड लावतात. तू कुठल्या संघाचा, तुझ्याकडे कसलं प्रमाणपत्र, हे तिथे कुणी विचारत नाही.

कोल्हापूरबाहेरच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतून निघून पंचगंगेचा पूल ओलांडला की थोड्याच वेळात आपण कोल्हापूरच्या जुन्या वस्तीत येतो. तिथे, केशवराव भोसले नाट्यगृहाला लागून, खासबाग मैदान आहे. या गोष्टीतला मोठा भाग तिथे घडला.

शाहू महाराज २ एप्रिल १८९४ रोजी गादीवर आले तेव्हा ते वीस वर्षांचेही नव्हते. स्वतः धिप्पाड, कसलेले, मातीत उतरलेले. कोल्हापुरात तालमी त्यांच्या आधीही होत्या, पेठापेठांची ईर्षा होती, जत्रांची मैदानं होती. नव्हता तो पैलवानाच्या खुराकाचा भरवसा. पैलवानाचं जेवण दोन-तीन माणसांचं असतं. दूध, तूप, बदामाची थंडाई, मटण, आणि हे रोज, कुस्ती असो वा नसो. कुणब्याच्या घरात एका पोराला असं खाऊ घालायचं म्हणजे बाकीच्यांच्या ताटातलं काढायचं. मैदानाचं इनाम वर्षातून चार वेळा मिळेल, भूक मात्र वर्षाचे सगळे दिवस लागते. महाराजांनी इथेच हात घातला. दरबारातून पैलवानांना खुराक सुरू झाला, तालमींना आश्रय मिळाला आणि उत्तरेतले, विशेषतः पंजाबातले नामांकित मल्ल कोल्हापुरात येऊन राहू लागले. त्यांच्याशी रोज लढत करून इथली पोरं तयार झाली. मोठा पैलवान पाहुणा म्हणून येऊन गेला तर बघणाऱ्यांना आठवण उरते. तो वर्षभर राहिला तर त्याचे डाव गावात उरतात. महाराजांना हा फरक नीट कळला होता.

त्या काळातली गाजलेली नावं पाहिली तर आणखी एक गोष्ट दिसते. शिवाप्पा बेरड, देवाप्पा धनगर. आडनावातच जात सांगणारी ही माणसं हजारोंच्या मैदानात राजाच्या समोर लढत होती आणि राजाकडून मान घेत होती. १९०२ साली सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणासाठी महाराज इंग्लंडला गेले. त्यांच्या त्याच परदेशवारीत, २६ जुलै १९०२ रोजी, मागासवर्गीयांसाठी करवीर संस्थानात निम्म्या जागा राखून ठेवण्याचा जाहीरनामा निघाला. आणि त्याच प्रवासात त्यांनी रोमचं कलोसियम पाहिलं. नोकरीचा दरवाजा उघडणारा जाहीरनामा आणि कुस्तीच्या मैदानाची कल्पना एकाच प्रवासातली, हा नुसता योगायोग आहे असं मला वाटत नाही. ज्याच्या अंगात आहे त्याला पुढे यायला वाट मिळावी, ही एकच तळमळ दोन्हीकडे आहे.

खासबागेचं काम १९०७ च्या सुमारास सुरू झालं आणि १९१२ मध्ये मैदान तयार झालं. रचना वाटीसारखी, मध्ये उंच आखाडा आणि भोवती चढत गेलेली बैठक. सर्वांत मागच्या रांगेतल्या माणसालाही पैलवानाचे पाय मातीवर कसे पडतात ते दिसतं. कुस्ती जाणणाऱ्याला पाय दिसलेच पाहिजेत; डाव हातांनी मारला तरी त्याची सुरुवात पायातून होते. वीस-तीस हजार माणसं बसतील असं हे मैदान त्या काळच्या कोल्हापूरच्या वस्तीच्या मानाने प्रचंडच होतं. महाराजांनी ते फक्त शहरासाठी बांधलं नव्हतं. करवीर, पन्हाळा, कागल, राधानगरी, शिरोळ इकडच्या खेड्यांतून बैलगाड्या जुंपून येणारा माणूस त्यांच्या डोळ्यांसमोर होता. उद्‌घाटनाच्या मैदानात इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची कुस्ती झाली आणि इमामबक्षने ती जिंकली. हा इमामबक्ष म्हणजे गामा पैलवानाचा धाकटा भाऊ. त्याआधी दोनच वर्षं, १९१० मध्ये, हे दोघे भाऊ लंडनला गेले होते. तिथल्या स्पर्धेत गामाला उंचीवरून घेईनात, तेव्हा त्याने जो येईल त्याला खुलं आव्हान दिलं, अमेरिकेच्या रोलरला पाडलं आणि झबिस्कोशी झुंजून जॉन बुल पट्टा मिळवला. लंडनमध्ये गामाला दरवाजा ठोठावून उघडून घ्यावा लागला. आणि त्याचा भाऊ कोल्हापुरात नवं मैदान उघडायला मानाने बोलावला गेला.

६ मे १९२२ ला शाहू महाराज गेले. त्यांच्यामागून आलेल्या राजाराम महाराजांच्या काळात तालमी आणि मैदानं चालू राहिली. मोतीबाग, गंगावेश, शाहूपुरी, काळा इमाम या तालमींतून पिढ्यांमागून पिढ्या तयार होत राहिल्या. मधल्या पंचवीस वर्षांबद्दल लिहिण्यासारखं पुष्कळ आहे, पण या लेखाच्या धाग्याला महत्त्वाची तारीख आहे १ मार्च १९४९. त्या दिवशी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि पैलवानाचा सर्वांत मोठा आश्रयदाता संपला.

हा बदल एकाच माणसाच्या आयुष्यात किती स्वच्छ दिसतो! कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरला राजाराम कॉलेजात शिकत होते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला ते गेले तेव्हा त्यांच्या खर्चाचा मोठा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. मॅटवर कधी न खेळलेला हा मातीतला पैलवान तिथे सहावा आला. चार वर्षांनी हेलसिंकीला जायची वेळ आली तेव्हा संस्थान राहिलेलं नव्हतं. सरकारी मदत पुरेशी मिळेना. खाशाबा दारोदार वर्गणीसाठी फिरले. राजाराम कॉलेजचे माजी प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. २३ जुलै १९५२ रोजी खाशाबांनी कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कराडच्या स्टेशनापासून शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, ते सगळ्यांना ठाऊक आहे. त्यानंतरची गोष्ट मात्र क्वचित सांगितली जाते. गहाण पडलेलं घर सोडवायचं होतं. त्यासाठी खाशाबांनी कुस्त्यांचं मैदान भरवलं, स्वतः लढले आणि आलेल्या पैशातून प्राचार्यांचं कर्ज फेडलं. ऑलिंपिकच्या पदकाचं देणं जत्रेच्या मातीने भागवलं.

त्या काळात जगभर हौशी आणि धंदेवाईक यांच्यामध्ये एक भिंत उभी होती. अमेरिकेच्या जिम थॉर्पने १९१२ च्या ऑलिंपिकमध्ये दोन सुवर्णपदकं मिळवली आणि आधी कधी तरी बेसबॉल खेळून थोडे पैसे घेतले होते म्हणून ती पुढच्याच वर्षी काढून घेण्यात आली. पैसा घेतला की खेळाडू बाटला, अशी ती समजूत. ती कुणाच्या सोयीची होती? ज्यांच्या घरी जमिनी आणि कारखाने होते, त्यांना हौशी राहणं परवडत होतं. कोल्हापूरच्या मातीला ही भिंत कधी कळलीच नाही. इथे दिवसा उसात पाणी पाजणारा गडी संध्याकाळी तालमीत जोर मारायचा, जत्रेत इनामाची कुस्ती करायचा आणि त्या इनामातून पुढच्या महिन्याचं दूध घ्यायचा. तो हौशी की धंदेवाईक, हा प्रश्न त्याला कुणी विचारला असता तर त्याला तो समजला नसता. जितकी कुस्ती वाढेल तितका तो पूर्णवेळ पैलवान होत जायचा. आखाड्याचा उंबरठा सगळ्यांना एकच होता.

संस्थान गेल्यावर मैदानं बंद पडली असती तर आश्चर्य वाटलं नसतं. ती पडली नाहीत, कारण दरबाराची जागा तिकिटाने आणि वर्गणीने घेतली. १९५० ते १९८० हा काळ कोल्हापूरच्या कुस्तीचा सर्वांत भरभराटीचा. मैदान भरवणारे ठेकेदार पुढे आले. दोन नामांकित मल्लांची जोड नेमायची, महिनाभर आधी भिंतींवर मोठमोठी पत्रकं लावायची, तिकिटं विकायची आणि जमलेल्या रकमेतून पैलवानांना मानधन द्यायचं. फाळणीनंतरही पाकिस्तानी मल्ल इकडे येत. सादिक पंजाबी हे नाव जुन्या कोल्हापूरकरांच्या तोंडी घरच्या माणसासारखं होतं. गावोगावच्या जत्रा कमिट्यांनीही हीच रीत घेतली. घरटी वर्गणी गोळा करायची, पत्रकावर पहिल्या क्रमांकाची, दुसऱ्या क्रमांकाची अशी इनामं छापायची आणि खाली ‘इतर कुस्त्या मैदानात जोडल्या जातील’ अशी ओळ घालायची. माझ्या मते या सगळ्या व्यवस्थेचा प्राण त्या शेवटच्या ओळीत आहे. नेमलेल्या कुस्त्या दहा-बारा. त्या ओळीखाली होणाऱ्या कुस्त्या शंभराच्या घरात.

या मैदानांच्या ओढीने लांबलांबून पोरं कोल्हापूरच्या तालमींत येऊ लागली. एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे सीमाभागातून शाहूपुरी तालमीत आले आणि १९५९ मध्ये दिल्लीत पंजाबच्या बंतासिंगला हरवून पहिले हिंदकेसरी झाले. शिराळा तालुक्यातल्या पुनवतचे गणपतराव आंदळकर मोतीबागेत घडले. १९६० मध्ये हिंदकेसरी आणि १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक. त्याच जकार्त्यात कवठेपिरानच्या मारुती मानेंनीही सुवर्ण मिळवलं, आणि १९६४ मध्ये तेही हिंदकेसरी झाले. राधानगरी तालुक्यातल्या अर्जुनवाड्याचे दादू चौगुले १९७० आणि १९७१ असे लागोपाठ महाराष्ट्र केसरी, पुढे रुस्तम-ए-हिंद, आणि १९७४ च्या ख्राइस्टचर्च राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक. यांपैकी प्रत्येक जण जत्रेच्या मातीत लहानाचा मोठा झाला. त्यांना लहानपणापासून घडवणारी सरकारी व्यवस्था तेव्हा फारशी नव्हती. जे काम पुढे शिष्यवृत्त्या आणि शिबिरांनी केलं, ते तेव्हा इनामाच्या कुस्त्या करत होत्या.

महाराष्ट्र केसरी हा किताब इथे नीट समजून घ्यायला हवा. पुण्याच्या मामासाहेब मोहोळांनी १९५३ मध्ये महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद उभी केली आणि १९६१ मध्ये औरंगाबादला पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. तिथे दिनकर दह्यारी विजयी झाले. जत्रेच्या मैदानात दोघांची जोड आधी ठरलेली असते. इथे मात्र जिल्ह्याजिल्ह्यांतून निवडून आलेले मल्ल एकापाठोपाठ एक फेऱ्या लढत शेवटच्या कुस्तीपर्यंत पोहोचणार होते. मोहोळ कुटुंबाने १९८३ पासून मामासाहेबांच्या स्मरणार्थ चांदीची गदा द्यायला सुरुवात केली. किताबात रोकड फारशी नव्हती. पण गदा खांद्यावर आली की पुढच्या हंगामात त्या पैलवानाचं मानधन कितीतरी पटींनी वाढायचं. कार्तिकापासून वैशाखापर्यंतच्या जत्रा कमिट्या त्याच्या तालमीत खेपा घालायच्या. स्पर्धा नाव द्यायची आणि जत्रा त्या नावाचे पैसे करायच्या. एकीशिवाय दुसरी अपुरी होती.

पैसा आला तशी कीडही आली. ‘नुरा कुस्ती’ हा शब्द आज आपण राजकारण्यांसाठी वापरतो, तो आखाड्यातून आलेला आहे. दोघांनी आधीच ठरवून केलेली लटकी कुस्ती म्हणजे नुरा. त्याहून जास्त त्रास दिला तो बरोबरीने. नावाजलेला मल्ल हरला तर त्याचा भाव पडतो, म्हणून दोघेही तास-तासभर खडाखडी करत राहायचे, मान धरायचे, सोडायचे, आणि शेवटी पंच कुस्ती सोडवायचे. दूरच्या गावाहून भाकरी बांधून आलेल्या माणसाची ती फसवणूकच होती आणि लोकांनी ती मुकाट्याने सोसली नाही. आखाड्यात दगड आणि चपला पडल्याच्या आठवणी जुनी माणसं सांगतात. कोल्हापूरच्या प्रेक्षकाला निकाल लागतो. चितपट, दोन्ही खांदे मातीला. आता बहुतेक मैदानांत ठरावीक मिनिटांनंतर गुणांवर कुस्ती लावतात, ते या जुन्या दुखण्यावरचं औषध आहे.

आणि म्हणूनच सतपालच्या कुस्त्या इतक्या लक्षात राहिल्या. दिल्लीच्या गुरू हनुमान आखाड्याचा सतपाल महाराष्ट्राच्या मैदानांत येऊन इथल्या मल्लांना भारी पडत होता. १९७७ मध्ये बेळगावात हरिश्चंद्र बिराजदारांनी त्याला चितपट केलं. बिराजदार मूळचे लातूरकडचे, रामलिंग मुदगडचे. घडले गंगावेश तालमीत. पुढच्याच वर्षी कोल्हापूरच्या युवराज पाटलांनी सतपालला खासबागेत पाडलं. त्या दिवशीची गर्दी, झाडांवर आणि छपरांवर चढलेली माणसं, मैदानाबाहेर केवळ आरोळीवरून निकाल ओळखणारे लोक, हे वर्णन मी इतक्या वेगवेगळ्या तोंडून ऐकलं आहे की ते खरं मानण्यावाचून इलाज नाही. युवराज पाटील पुढे फार तरुण वयात गेले. त्यांचं नाव घेताना आजही तालमीतला म्हातारा वस्ताद क्षणभर थांबतो.

ऐंशीच्या दशकानंतर उतार लागला. आंतरराष्ट्रीय कुस्ती मॅटवर होती, वेळेची होती, गुणांची होती. मातीत घिस्सा, ढाक, एकलंगी शिकलेल्या पोराला तिथे नव्याने उभं राहणं शिकावं लागे. खुराकाचा खर्च वाढत गेला. त्या वेळी आधार दिला तो साखर कारखान्यांनी आणि सहकारी संस्थांनी. कागलच्या शाहू साखर कारखान्याने मॅटवरच्या स्पर्धा भरवल्या आणि निवडक मल्लांना मानधन सुरू केलं. शाहू महाराजांच्या खुराकाचीच ही पुढची आवृत्ती, फक्त आता त्यामागे उसाचा पैसा होता. वारणानगरला तात्यासाहेब कोरे यांच्या स्मृतिदिनी, १३ डिसेंबरला, होणारं मैदान देशातल्या मोठ्या मैदानांमध्ये गणलं जातं. परदेशी मल्लही तिथे लढून गेले आहेत. कुंडलच्या मैदानाची परंपरा तर त्याहून कितीतरी जुनी. कोथळीच्या शंकर पुजारींसारखे निवेदक हातात माईक घेऊन पैलवानाची तीन पिढ्यांची कुंडली सांगतात, हलगी कडाडते, आणि कुणी शौकीन मध्येच उठून इनामात पाचशेची भर टाकतो. आज त्या वर्गणीत ऊस आहे, दूध आहे, फौंड्रीही आहे. शिरोलीच्या भोवतालच्या गावांत ज्यांच्या घरी कधीकाळी तालमीतला गडी होता, त्यांचीच मुलं आता ओतकामाच्या कारखान्यांत पाळीवर जातात किंवा स्वतःचं छोटं वर्कशॉप चालवतात. जत्रेच्या वर्गणीला ती मागे राहत नाहीत.

वरचा आकडा मोठा असला की खेळ आपोआप धंदा होतो, असं मानणाऱ्यांसाठी दुसऱ्या एका खेळाची गोष्ट सांगतो. २००६ मध्ये अमेरिकेत पूल या खेळाची ‘इंटरनॅशनल पूल टूर’ नावाची मालिका सुरू होती. दोन हजार डॉलर भरून कुणीही पात्रता फेरीत उतरावं, अशी खुली व्यवस्था होती आणि नेवाडातल्या रीनो शहरात भरलेल्या जागतिक स्पर्धेत पहिलं इनाम होतं पाच लाख डॉलर. तोवर या खेळात एवढं इनाम कुणी पाहिलं नव्हतं. फिलिपिन्सच्या एफ्रेन रेयेस यांनी ती जिंकली. लहानपणी मनिलातल्या काकांच्या पूल हॉलमध्ये वाढलेला हा माणूस जगातला सर्वोत्तम खेळाडू मानला जाई. पण स्पर्धा संपल्यावर आयोजकांकडे पैसे नव्हते. खेळाडूंना रकमा हप्त्याहप्त्याने देऊ असं सांगण्यात आलं आणि मालिका तिथेच कोलमडली. खुलेपणा होता, आकडाही होता. खाली पाया नव्हता. गावोगावच्या छोट्या स्पर्धांनी हळूहळू भरत गेलेली वर्गणी नव्हती, आणि वर्षभर खेळाडूला धरून ठेवणारी मधली इनामं नव्हती. जत्रेच्या मैदानात कुस्ती सुटली की पंच तिथेच, लोकांच्या देखत, नोटा पैलवानाच्या हातात देतात. एवढ्या साध्या रिवाजावर शंभर वर्षांचा विश्वास उभा आहे.

हा विश्वास आपल्याकडेही अधूनमधून डळमळतो. एप्रिल २०२२ मध्ये साताऱ्यात पन्हाळा तालुक्यातल्या देवठाण्याचा पृथ्वीराज पाटील महाराष्ट्र केसरी झाला. २००० मध्ये दादू चौगुल्यांचे चिरंजीव विनोद चौगुले हा किताब जिंकले होते. त्यानंतर दोन दशकांनी गदा कोल्हापूरला आली. कोल्हापूरने त्याची प्रचंड मिरवणूक काढली. पण गदेबरोबर रोख रक्कम मिळाली नाही, हे त्याने स्वतः बोलून दाखवलं, तेव्हा राज्यभर चर्चा झाली. एका वीस वर्षांच्या पोराने एवढ्या मानाच्या जागी उभं राहून पैशाचा विषय काढला, याबद्दल काहींनी नाकं मुरडली. मला त्याचं बोलणं पूर्णपणे योग्य वाटतं. गदा भिंतीला टांगता येते, तिच्यातून बदाम येत नाहीत. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यातल्या स्पर्धेत चित्र बदललं होतं. विजेत्या शिवराज राक्षेला पाच लाख रुपये आणि थार गाडी मिळाली, उपविजेत्या महेंद्र गायकवाडला ट्रॅक्टर आणि अडीच लाख. इनाम वाढलं तसा निकालांवरचा ताणही वाढला. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला पंचांच्या निर्णयांवरून वाद पेटला, पृथ्वीराज मोहोळ विजयी झाला आणि राक्षे व गायकवाड या दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. इनामाचा आकडा लाखात गेल्यावर पंचांचं प्रशिक्षण आणि चित्रफितीवरून निकाल तपासण्याची सोय तितक्याच गांभीर्याने उभी राहायला हवी होती. ती मागे राहिली.

पण माझी काळजी वेगळीकडे आहे. थार मिळवणारा पैलवान वर्षाला एक. सत्तर किलोचा, दोन-पाच हजारांच्या कुस्त्या करणारा, हंगामात पन्नास-साठ मैदानं गाठणारा पैलवान हा या धंद्याचा कणा. पत्रकावरची वरची तीन इनामं दरवर्षी फुगत जातात. खालच्या कुस्त्यांचा दर मात्र कित्येक गावांत वर्षानुवर्षं तोच असतो. दुधाचा भाव वाढला, बदामाचा वाढला, तालमीत खोली घेऊन राहणाऱ्या पोराचं भाडं वाढलं. चार लाखांची एक कुस्ती लावणाऱ्या कमिटीने त्यातला एक लाख काढून मधल्या वीस कुस्त्यांत वाटला, तर बघणाऱ्याला काहीच कमी दिसणार नाही आणि वीस पोरांच्या खुराकाला हातभार लागेल. काही जाणत्या गावांनी हे सुरूही केलं आहे.

मुलींच्या कुस्तीत ही उणीव आणखी उघडी पडते. मार्च २०२३ मध्ये सांगलीला महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने गदा मिळवली. कोल्हापूर जिल्ह्यात मुरगूड, वडणगे अशा गावांतून मुली राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय मॅटपर्यंत गेल्या आहेत. म्हणजे त्यांच्यासाठी वरची पायरी तयार झाली. खालची अजून तयार व्हायची आहे. मोठ्या मैदानात मुलींच्या दोन-तीन कुस्त्या नेमल्या जातात, टाळ्या पडतात आणि त्या संपतात. लंगोट लावून उभ्या राहिलेल्या पोरासारखं मुलीनेही मैदानात येऊन जोड मागावी, पंचांनी तोलाची मुलगी शोधून द्यावी आणि शंभर-दोनशेची कुस्ती लावावी, ही सोय बहुतेक जत्रांत मुलींना अजून नाही. ती झाली की मुलींच्या कुस्त्याही दुपारी दोनलाच, रेवडीपासून सुरू होतील.